सुलूताईंच्या चकलीतला मिरा

ब्रिस्टलमधल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात मला एका मडमेनं चक्क मराठीत झापलं.

आम्ही नुकतेच आलो होतो. आमच्या डॉक्टरांना, म्हणजे आमच्या ह्यांना, इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती आणि मला थंडी सोडून काहीच लागलं नव्हतं. एक दिवस उन्हाचा कवडसा दिसला म्हणून मी मोठ्या उत्साहानं मागच्या अंगणात साडी वाळत घातली आणि आत येऊन चहा पीत बसले. थोड्या वेळानं जाऊन बघते तर साडी गोठून दारासारखी ताठ झालेली. मी तिची घडी घालायला लागले, तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला.

“अगं ए, मोडशील ती! काठ तुटेल ना. आधी घरात ने, शेगडीपाशी उभी कर. नरम पडली की मग घाल घडी.”

मी वळून पाहिलं. पांढरे, पार्लरमध्ये कुरळे करून घेतलेले केस, चष्मा, कार्डिगन, त्यावर फुलाफुलांचा एप्रन, पायांत जाड मोजे. रंग आपला गव्हाळ. आणि कपाळावर लालचुटुक ठिपका. तो ठिपका लिपस्टिकचा होता हे मला पुढे कळलं. त्या इथे आल्या तेव्हा आख्ख्या शहरात कुंकू मिळत नव्हतं, म्हणून नवऱ्यानं वाढदिवसाला दिलेली लिपस्टिक त्यांनी ओठांऐवजी कपाळाला लावली. मग वीस पावलांवर कुंकू मिळायला लागलं तरी त्यांनी काही सोय बदलली नाही.

“मी सुलू हॅरिस,” त्या म्हणाल्या. “माहेरची बर्वे, देवळालीची. ऑन्टी म्हणायचं नाही, मिसेस हॅरिस म्हणायचं नाही. ताई म्हणायचं. साडी घेऊन इकडे ये, माझ्याकडे शेगडी पेटलेली आहे.”

तेव्हापासून त्या माझ्या सुलूताई. पुढे मराठी मंडळातली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना ताईच म्हणत. कुणी चुकून आजी म्हटलं की त्या बहिऱ्या होत.

सुलूताई लढाईच्या काळातल्या नवरी. देवळाली कॅम्पात गोऱ्यांची छावणी होती आणि तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बर्व्यांची मॅट्रिक झालेली मुलगी कानाला यंत्र लावून बसे. फ्रेड हॅरिस नावाच्या सार्जंटाचा फोन यायचा. ही गोष्ट त्या नेहमी दुसरंच काहीतरी करताना सांगत, वाटाणे सोलताना वगैरे.

“मी म्हणायचे, ‘नंबर प्लीज.’ हा रोज वेगळा नंबर मागायचा आणि तो नंबर कुठे नसायचाच. शेवटी म्हटलं, साहेब, असा नंबर नाही, तुम्हाला ठाऊक नाही का? तर म्हणतो, ‘ठाऊक आहे की. पण तुम्ही नाही फार छान म्हणता.’” मग दोन शेंगा सोलून होत. “एक दिवस हो म्हटलं. तिथेच फसले.”

फसल्या म्हणजे लग्न झालं, लढाई संपली आणि त्या आगबोटीत बसल्या. आगबोट हा त्यांचाच शब्द. सुलूताईंची मराठी देवळाली सोडली तेव्हा जशी होती तशी बरणीत घालून ठेवल्यासारखी राहिली होती. मोटरसायकलला फटफटी, रेडिओला बिनतारी, आणि पुढे मोबाइल आला तेव्हा त्याला “खिशातलं एक्स्चेंज”. हीच बाई बसमधून उतरताना मात्र अस्सल ब्रिस्टलच्या हेलात “चिअर्स, ड्राइव्ह!” असं ओरडून ड्रायव्हरचे आभार मानायची आणि पोस्टमनला “माय लवर” म्हणायची. इथे तसं सगळेच म्हणतात, पण मला पहिल्यांदा ऐकून ठसका लागला होता.

नवऱ्याला मात्र त्या नावानं हाक मारत नसत. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, त्यामुळे “अहो”. सासूबाईंना वाटलं, हे सुनेनं ठेवलेलं लाडाचं नाव. त्यांनी ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं पबमध्ये, आणि वर्षभरात फ्रेड हॅरिस हा मनुष्य आख्ख्या गल्लीचा अहो झाला. “मॉर्निंग, अहो!” असं दूधवाला ओरडायचा. त्यांच्या डार्ट्सच्या टीमच्या फळ्यावर खडूनं ‘अहो’ लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय. फ्रेड गेले तेव्हा पबवाल्यांनी इथल्या रिवाजाप्रमाणे पांढऱ्या शेवंतीची मोठमोठी इंग्रजी अक्षरं करून शवपेटीवर ठेवली होती: ए, एच, ओ. मी चर्चमध्ये तोंडात रुमाल कोंबून बसले होते. हसू येत होतं आणि रडूही. सुलूताई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “बघ, शेवटपर्यंत कुणी त्यांचं नाव घेतलं नाही.”

दुसऱ्या दिवशी कपाळावर लिपस्टिक होतीच. मंडळातल्या एका बाईंनी डोळे मोठे केले. “अहोंनी दिलेली आहे, संपेपर्यंत लावणार,” सुलूताई म्हणाल्या. ती काही संपली नाही. संपत आली की त्या नवी आणत.

आता चकलीकडे येते. माहेर सोडताना सुलूताईंनी फक्त एक वस्तू उचलली होती, पितळी सोऱ्या. “दागिने आईचे, त्यांना मी हात लावला नाही. सोऱ्या माझ्या हातचा होता.” लढाईनंतर इथे सगळं रेशनवर. भाजणीला ना डाळ ना तांदूळ. तर या बाईनं बार्ली, ओट्स आणि सुक्या वाटाण्यांची भाजणी केली आणि सासूबाईंच्या चिप्सच्या कढईत चकल्या तळल्या. सासूबाईंनी एक कडेकडेनं खात आणली, छान म्हणाल्या, आणि मधोमध पोचल्या तशा किंचाळल्या. कारण मध्ये मिरा होता.

सुलूताईंच्या प्रत्येक चकलीच्या बरोब्बर मधोमध एक अख्खा काळा मिरा दडपलेला असे. त्याला इतिहास होता. देवळालीचे त्यांचे आजोबा दिवाळीत नैवेद्य दाखवायच्या आधीच चकल्या लंपास करत आणि वर साळसूदपणे जपाला बसत. आजीनं एकदा प्रत्येक चकलीत मिरा घातला. जपाच्या मध्येच ठसका आला आणि चोर सापडला. आजोबा गेले, आजी गेली, मिरा राहिला. घरातली माणसं आधी नखानं मिरा काढत आणि मग चकली खात. पाहुणे ठसकत.

मंडळाच्या दिवाळीत दर वर्षी कुणाचं तरी पोर तो मिरा चावून भोकाड पसरायचं. बायका काकुळतीला येत. “सुलूताई, या खेपेला मिरा नको हो.”

“आमच्यात असतो,” त्या शांतपणे म्हणत.

आमच्यात. हा सुलूताईंचा सगळ्यात लाडका शब्द. आमच्यात आमटीला कोकमच. आमच्यात शनिवारी केस धूत नाहीत. आमच्यात पाहुण्याला ‘जाते’ म्हणू देत नाहीत, ‘येते’ म्हणायला लावतात. त्यांच्या पीटरला, म्हणजे हाउन्सलोला राहून विमानतळावर नोकरी केलेल्या मुलाला, मराठीतले दोनच शब्द येत: ‘गप’ आणि ‘आमच्यात’. ऐकताना वाटावं की देवळालीला बर्व्यांचं मोठं खटलं आहे आणि या काल-परवाच तिथून आल्यात.

प्रत्यक्षात सुलूताई त्या घरात मेलेल्या होत्या. हा मी बोलण्यातला अलंकार वापरत नाहीये. गोऱ्याशी लग्न केल्याचं कळल्यावर वडिलांनी गावात सांगितलं, मुलगी तापानं गेली. आणि रीतसर तेरावं घातलं. आगबोटीची वाट बघत असताना एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीनं सुलूताईंना हे सांगितलं. “जेवायला काय होतं, विचारलं मी,” सुलूताई म्हणाल्या. “म्हणाली, बुंदीचे लाडू. म्हटलं, चला, चांगलं केलं माझं.” आणि हसल्या. डॉक्टरांनी एकदा प्रकृतीवरून काळजीचा सूर लावला तर म्हणाल्या, “मी पूर्वीच मेले आहे, मला कसली घाई नाही.”

पण एक गोष्ट होती जिच्यावर त्या कधी हसल्या नाहीत. संक्रांतीचं हळदीकुंकू आम्ही चर्चच्या हॉलमध्ये करायचो, बॅडमिंटनच्या रेघांवर सतरंज्या टाकून. सुलूताई येत, तिळगूळ वाटत, गाणी म्हणत. ओट्या भरायची वेळ आली की भांडी विसळायला स्वयंपाकघरात पळत. पहिल्याच वर्षी मी ताट घेऊन त्यांच्या मागे गेले.

“नको गं वसू,” त्या नळ न थांबवता म्हणाल्या. “मी निघाले तेव्हा माझी ओटी कुणी भरली नाही. लेक घरातून निघताना भरतात ना? माझी राहिलीय. पहिली माहेरची, मग तुम्ही सगळ्या रांगेनं या.”

“पण ताई, माहेरचं कोण येणार आता?”

“न येईना. मी आपली रिकामी ठेवलीय.”

मी ताट घेऊन परत आले. नंतर कुणी त्यांना विचारलं नाही. फ्रेड गेल्यावर तर प्रश्नच नव्हता, विधवेची ओटी कोण भरणार? सुलूताईंनी आमची कुजबुज ऐकली असावी. “तुमचा प्रश्न मिटला, माझा नाही,” एवढंच म्हणाल्या आणि कपबशा पुसायला लागल्या. भाऊबीजेला त्या अंगणात निरांजन घेऊन चंद्राला ओवाळत. नोव्हेंबरात ब्रिस्टलला चंद्र कुठला दिसायला? ढग असले की कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला ओवाळत. “बाळ्याला,” त्या म्हणायच्या. बाळ्या म्हणजे धाकटा भाऊ. त्या गेल्या तेव्हा तो शाळकरी पोरगा होता, आणि त्यांना सुलूताई म्हणणारा जगात पहिला तोच.

अशी सगळी वर्षं गेली. आमचे डॉक्टर रिटायर झाले, पीटरसुद्धा रिटायर झाला, सुलूताईंनी नव्वदी कधीच मागे टाकली. काठी आली, पण काठी त्या बहुधा दुसऱ्यांना दिशा दाखवायला वापरत.

परवाच्या दिवाळीची गोष्ट. मंडळात नवीन मुलंमुली आली होती. इथे विमानांचे कारखाने आहेत, त्यामुळे दर वर्षी इंजिनियरांचा एक ताजा घाणा येतो. सुलूताई भिंतीशी खुर्चीवर, मी शेजारी. फराळाच्या टेबलापाशी जीन्सवर कुर्ता घातलेली एक मुलगी मैत्रिणीशी गप्पा मारत उभी होती. बोलता बोलता तिनं चकली उचलली. न बघता उलटी केली, करंगळीच्या नखानं मधला मिरा टुचकन उडवून ताटलीच्या कडेला ठेवला, आणि चकली तोंडात घातली. बोलणं चालूच.

सुलूताईंनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

“वसू, तिला बोलाव.”

मी बोलावलं. मुलगी हसत आली. “हाय! तुम्ही केल्यात ना चकल्या? ऑसम आहेत, एकदम घरच्यासारख्या.”

“तू कुणाची गं?” सुलूताईंनी विचारलं.

“मी? केतकी बर्वे. नाशिकची. म्हणजे ओरिजिनली देवळालीचे आम्ही.”

“बाळ बर्वे तुझे कोण?”

“आजोबा. तुम्ही ओळखता त्यांना?”

एकेकाळी जगाला नंबर जोडून देणारी बाई, तिची लाइन लागेना. शेवटी मीच म्हटलं, “केतकी, तुझ्या आजोबांना बहीण होती का?”

“हो, एक आत्याआजी होती. ती आजोबांच्या लहानपणीच गेली, तापानं. फोटोला हार असतो ना आमच्याकडे…” आणि ती सुलूताईंच्या तोंडाकडे बघत थांबली. फोटोतला तोच चेहरा समोर बसलेला होता, कुरळे केस करून.

दुसऱ्याच दिवशी, भाऊबीजेला, केतकीनं सुलूताईंच्या स्वयंपाकघरात बसून नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. मुलगा-सुनेनं बाळ आजोबांना आधी सांगून ठेवलं होतं, तरी ते फोन कपाळाला लावून “कोण? कोण?” करत होते. मग फोन लांब झाला आणि पडद्यावर एक टक्कल पडलेला, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा आला. सुलूताई त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतील.

“बाळ्या,” त्या म्हणाल्या, “सोऱ्या मी नेला.”

तिकडे पांढऱ्या भुवया वर गेल्या.

“आईनं कुणावर आळ घेतला नाही ना? मी नेला होता. अजून चालतो.”

म्हाताऱ्याचे ओठ हलले. मग फोन खाली आला आणि आम्हाला नाशिकच्या घरातला छताचा पंखा दिसायला लागला. बराच वेळ पंखाच दिसत होता. मग तोही बंद झाला.

केतकीनं परत लावला, कुणी उचलला नाही. संध्याकाळी तिच्या बाबांचा मेसेज आला: आजोबा कुणाशी बोलत नाहीयेत, सध्या नको.

पुढचे दिवस वाईट गेले. मी रोज डोकावत होते. सुलूताई नीट जेवत, बातम्या बघत, पीटरशी फोनवर बोलत. पण त्यांनी ‘आमच्यात’ म्हणणं सोडलं. मी मुद्दाम आमटीत चिंच घालून नेली. मुकाट्यानं खाल्ली त्यांनी. मला त्या आमटीचं इतकं वाईट वाटलं की घरी येऊन मी डॉक्टरांवर उगाच ओरडले. “मेलेलं माणूस मेलेलंच बरं होतं गं,” एवढंच त्या एकदा म्हणाल्या. त्या पहिल्यांदा मला म्हाताऱ्या दिसल्या.

मग एका शनिवारी दुपारी मी तिथे असताना बेल वाजली. दारात केतकी, भिजलेली, हातात सुपरमार्केटची पिशवी. आत आली आणि कोट न काढताच बोलायला लागली.

“आत्याआजी, काल आजोबा बोलले. आठ दिवस तोंड उघडलं नव्हतं, काल रडले आणि बोलले. म्हणाले, ‘मी तिच्या तेराव्याचे लाडू खाल्ले. ती जिवंत होती आणि मी दुसरा मागून घेतला. कुठल्या तोंडानं बोलू तिच्याशी?’”

“अरे देवा!” सुलूताई म्हणाल्या. “एवढासा होता तो. लाडू खाणार नाही तर काय करणार!”

“आणि म्हणाले, ‘तिला रिकामी पाठवलं आम्ही. तू आधी तिची ओटी भर, मग मी फोनवर येतो.’”

मी केतकीकडे बघतच राहिले. ओटीचं तिला आम्ही कुणी काही सांगितलं नव्हतं. तिकडे नाशिकला बसून तो म्हातारासुद्धा तेवढीच एक गोष्ट मनात धरून होता.

केतकीनं पिशवीतून नारळ काढला, खण काढला, बासमतीचा पुडा काढला, हळदकुंकवाच्या डब्या काढल्या. मग तिचा हात थांबला.

“पण एक प्रॉब्लेम आहे,” ती चाचरत म्हणाली. “आई म्हणते, अनमॅरीड मुलीनं ओटी भरायची नसते. आणि… म्हणजे, फ्रेड आजोबा पण नाहीयेत आता. ती म्हणते, असं चालत नाही. मला यातलं काही कळत नाही. आमच्या घरातली दुसरी बाई इथे नाही. काय करू?”

ती माझ्याकडे बघायला लागली, जाणकार बाई म्हणून. मी सुलूताईंकडे. आयुष्यभर शनिवारी केस न धुतलेली बाई. साडी वरच्या ट्रंकेत, ती नेसायचं आता अंगात बळ नव्हतं. अंगावर कार्डिगन आणि तो फुलाफुलांचा एप्रन. सुलूताई काठी टेकून उभ्या राहिल्या, काठी मला दिली, आणि एप्रनची दोन टोकं धरून समोर पसरली.

“भर,” त्या म्हणाल्या. “आमच्यात चालतं.”

केतकीनं कुंकू लावलं, लिपस्टिकच्या वरच. ओंजळीनं तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. थोडे तांदूळ टाइल्सवर सांडले. मी ते वेचायला खाली वाकले, कारण मला कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

सुलूताईंनी ओटीतले चार दाणे उचलून केतकीच्या तळहातावर ठेवले. “हे मागे ठेवायचे असतात, म्हणजे माहेर भरलेलं राहतं. नाशिकला गेलीस की घरच्या तांदळात टाक.” मग मला म्हणाल्या, “वसू, त्या बाटलीतला एक मिरा दे गं.” तो दाण्यांशेजारी ठेवून त्यांनी केतकीची मूठ मिटवली. “आणि हा बाळ्याला. म्हणावं, लाडू विसर, चकली खायला ये.”

तो काही येऊ शकला नाही, पण रोज दुपारी फोनवर यायला लागला, आणि दोघं बहीणभाऊ मेलेल्या आजोबांच्या चोऱ्यांवर खिदळत बसत. मार्चमध्ये सुलूताई झोपेत गेल्या, या खेपेला खरोखरच. सोऱ्या पीटरनं केतकीला दिला.

मला मात्र त्या आठवतात त्या त्याच शनिवारच्या. अंधारून आलं होतं, मी केतकीला स्टेशनवर सोडायला निघाले. तिनं दारात सवयीनं “बाय, जाते” म्हटलं आणि लगेच तिला दटावून “येते” म्हणायला लावण्यात आलं. गाडी वळवताना मी मागे पाहिलं. सुलूताई खिडकीत उभ्या होत्या. उजवा हात हलवत होत्या. डाव्या मुठीत एप्रन तसाच गच्च धरलेला होता, नारळाच्या वजनानं खाली ओघळलेला. शेजारी टेबल होतं, त्यावर सगळं ठेवता आलं असतं. त्यांनी ठेवलं नव्हतं.